दाता गेला म्हणून पिशवी जाते काय

रफीकभाई, तुमची शेवटची पिशवी उद्या सकाळी जाळायला जाणार आहे. आज ती अकोल्याच्या रक्तपेढीत आहे, टाकाऊ मालाच्या वेगळ्या फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात. साडेतीनशे मिलिलिटर, ए निगेटिव्ह, मुदत संपलेली. तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. तुमच्यातलं एवढंच काय ते मातीबाहेर राहिलं होतं आणि तेही मी वाया घालवलं. ऑफिसात अजून कोणाला हे धड कळलेलं नाही. तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून मीच सांगायला बसले आहे.

शोकसभेत सगळे बोलले. तुम्ही किती हुशार, किती मनमिळाऊ. मनमिळाऊ! काय बाप्पा! सोळा वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून तुम्ही माझ्याशी एक दिवस सरळ बोलला नाहीत. मी वलगावची म्हणून माझं नावच तुम्ही 'वलगाव' करून टाकलं होतं. "ए वलगाव, चाय सांग." "ए वलगाव, हे क्वेरी तू लिहिली का तुया म्हशीनं?" मी त्या सभेत काहीच बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर रडले असते, किंवा तुमच्याशी भांडले असते. भांडण अर्धवटच राहिलं होतं ना आपलं.

कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन मी आपल्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा मला कोणी दारात उभं करत नव्हतं. तुम्ही मुलाखतीत एकच कागद दिला आणि म्हणालात, "दहा दाते, दहा पिशव्या. कोनाची पिशवी कोनाले गेली ते हातानं काढून दाखव. कॉम्प्युटर बंद." मी काढून दाखवलं, एक चुकलं. तुम्ही म्हणालात, "चुकलं तरी खोडलं नाही, बाजूले लिहिलं. घे हिले." त्या एका चुकीवर माझी नोकरी लागली. पुढं माझ्या भावाच्या शिक्षणापासून माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनपर्यंत जे जे झालं ते त्या नोकरीवर झालं. हे तुम्हाला एकदा नीट सांगायचं होतं. रोज भेटणाऱ्या माणसाला असलं काही कोण सांगतं? राहूनच गेलं.

हसवलंतही किती! आठवतं, तिवस्याच्या रक्तदान शिबिरात? तुम्ही टेस्टिंगसाठी घातलेला मेसेज काढायचा विसरलात आणि भर शिबिरात डॉक्टरांच्या स्क्रीनवर उमटलं, 'थांब ना गड्या, काहून बटण दाबून राहिला.' डॉक्टर पुण्याचे. त्यांना वाटलं सॉफ्टवेअरनं त्यांना शिवी दिली. तुम्ही फोनवर "सर, सर, ते यंत्राले समजावून राहिलो होतो" म्हणत होतात आणि मी टेबलाखाली तोंड घालून हसत होते.

आता त्या भांडणाकडे येते. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमरावती आणि अकोला, एकाच संस्थेच्या दोन रक्तपेढ्या आणि दोन्हींना आपलं एकच सॉफ्टवेअर. आपला प्रोग्राम डेटाबेसशी थेट बोलत नाही, मध्ये एक लायब्ररी असते दुभाष्यासारखी. आपली लायब्ररी आठ वर्षं जुनी झाली होती. तिला जे येत नव्हतं ते तुम्ही हातानं लिहून ठेवलं होतं. जो दाता आता रक्त देऊ शकत नाही, आजारी आहे, गाव सोडून गेला आहे किंवा वारला आहे, त्याला आपण 'बंद' करतो. मग दात्यांची कुठलीही यादी काढताना अट घालावी लागायची, फक्त चालू दाते घे. ती एकच अट तुम्ही एकशे सत्तर ठिकाणी लिहिली होती. मी मोजली होती, आणि मोजून तुम्हाला चिडवलंही होतं.

लायब्ररीची नवी आवृत्ती आली तिच्यात कितीतरी गोष्टी आयत्या होत्या. मोजणी, गट पाडणं, लांब यादीची पानं करणं, सगळं एकेका ओळीत. आणि तो फिल्टर. एका जागी एकदाच सांगायचं की बंद दाता दाखवू नको. मग ती अट लायब्ररी आपणहून प्रत्येक क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला, लावणार. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

"भाई, एकशे सत्तर जागी एकच गोष्ट लिहून ठेवली तुमी. हे एका ओळीत होते."

"होते ना. मले दिसत नाही का?"

"मंग?"

"मोजणी घे, पानं घे, सारं घे. हे फिल्टर नको घेऊ. जे अट डोळ्याले दिसते तिच्यावर माणूस भांडते. जे दिसत नाही तिले माणूस विसरते."

"कावून पण? नीट सांगा ना."

"पिशवी कोनाची हाय? दात्याची. पिशवीची यादी काढतानी लायब्ररी दात्याचं नाव आनाले जाते. दाता झाकेल असन तं पिशवीबी गाळून टाकते ते. दाता गेला म्हणून पिशवी जाते काय?"

तेव्हा मी काय म्हणाले ते आठवतं का तुम्हाला? मला रोज आठवतं. मी म्हणाले, "पिशवी टिकते पस्तीस दिवस. रक्त देऊन पस्तीस दिवसांत कोण मरून राहिलं भाई आपल्याइथं?"

तुम्ही हसलात. "मरते व. माणूस कवाही मरते."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. त्याच्या आदल्या रविवारीच तुम्ही अकोल्याच्या शिबिरात रक्त दिलं होतं. दर तीन-चार महिन्यांनी देत होतात. ए निगेटिव्ह म्हणजे तुम्हाला अभिमान, जशी काही ती तुमची स्वतःची कमाई. मला म्हणायचात, "तू कवा देशीन?" मी हिमोग्लोबिनचं निमित्त काढायची.

पुढच्या आठवड्यात सोमवारी फोनवर पुन्हा वाजलं आपलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "उद्या येतो अन् तुले कागदावर काढून दाखवतो. तुले कागदाबिगर समजत नाही." मंगळवारी अकोल्याहून अमरावतीला यायची तुमची रोजची गाडी चुकली. तुम्ही मोटारसायकल काढलीत. मूर्तिजापूरच्या पुढं जे व्हायचं ते झालं. तुम्हाला पिशवी लावायलासुद्धा कोणाला वेळ मिळाला नाही. आणि तुम्ही त्या रस्त्यावर होतात कशासाठी, तर मला समजावून सांगायला. मी ऐकलं असतं तर तुम्ही दुसरी गाडी पाहिली असती, आरामात आला असता. भाभी म्हणतात असा विचार करू नये. मी करते.

चौथ्या दिवशी मी तुमची नोंद उघडली. आपला दात्यांना आपोआप मेसेज जातो ना, 'आपण आता पुन्हा रक्तदान करू शकता.' तो तुमच्या फोनवर गेला असता आणि फोन आता निदाकडे असतो. नववीतल्या पोरीनं बापाच्या नावाचा तो मेसेज वाचावा, हे मला सहन होईना. म्हणून मी स्वतःच्या हातानं तुम्हाला 'बंद' केलं. कारण लिहिलं, 'मृत'. देवाशपथ, मायेनंच केलं होतं.

आणि दहाव्या दिवशी मी अपग्रेड चढवलं. फिल्टरसकट.

कावून घाई केली, विचारा. काम पडून होतं, वरून फोन येत होते, हे सगळं खरं. पण खरं कारण दुसरंच आहे. विरोध करायला कोणी उरलं नव्हतं. तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत मी तुमच्या एकशे सत्तर अटी एकेक करून पुसल्या, आणि पुसताना रडत होते, आणि रडता रडता मला बरंही वाटत होतं की बघा, किती सुटसुटीत झालं. टेस्ट चालवल्या, सगळ्या पास. होणारच. माझ्या टेस्टमधले सगळे दाते जिवंत होते.

लायब्ररीच्या माहितीत हा धोका लिहिलेला आहे, भाई. चौकट करून, ठळक अक्षरांत. ते पान मी वाचलं होतं. म्हणजे उघडलं होतं.

पंधराव्या दिवशी मी भाभींना भेटायला गेले. त्या एकदम म्हणाल्या, "बाई, त्यायनं जाच्या आंदी रक्त देल्लं होतं. ते कोनाले लागलं का? नाव नको मले. फक्त लागलं का नाही, सांगा." मी म्हटलं पाहून सांगते. घरी येताना बसमध्येच मोबाईलवर अकोल्याचा साठा उघडला. ए निगेटिव्ह, शून्य. साठ्यात नाही म्हणजे कोणाला तरी दिलं, झालं. वितरणाची यादी उघडून पाहायला हवी होती. दोन मिनिटांचं काम होतं. पण मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं होतं. तिथूनच भाभींना फोन लावला. "भाभी, लागलं. दिलं कोणाला तरी." त्या म्हणाल्या, "अल्लाचा शुकर."

त्या दिवशी ती पिशवी फ्रीजमध्ये होती, भाई. चांगली होती. अकरा दिवस बाकी होते तिचे.

फ्रीज उघडून कोणी शोधलं कसं नाही, असं विचाराल. ती सवय तुम्हीच मोडली होती. पूर्वी मागणी आली की टेक्निशियन फ्रीजचं दार सताड उघडं ठेवून पिशव्या उलट्यापालट्या करायचे. तुम्ही दोन्हीकडे जाऊन रागे भरलात, "अबे थंडावा जाते त्याचा. आंदी स्क्रीन पाहा, मंग दार उघडा." त्यांनी तुमचं ऐकलं. मी सोडून सगळेच तुमचं ऐकायचे. त्या अकरा दिवसांत अमरावतीत ए निगेटिव्हची मागणी दोनदा आली. दोन्ही वेळा स्क्रीनवर अकोल्यासमोर शून्य. नातेवाइकांना नागपूरला धाडलं. पुढं त्या पेशंटचं काय झालं ते मी विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही माझ्यात, आणि विचारल्याशिवाय झोपही नाही.

तुमच्या चाळीसाव्याला मी होते. अकोटहून भाभींच्या माहेरची माणसं आली होती. बायकांच्या खोलीत भाभी प्रत्येकीला तेच सांगत होत्या, "ते गेले, पन त्यायचं रक्त कोनाच्या तरी अंगात फिरून राहिलं. आपल्या वलगावच्या बाईनं मशीनमधी पाह्यलं." मग त्या बायका माझ्याकडे वळून पाहायच्या. निदा मला म्हणाली, "आंटी, मी बसमधी लोकाईकडे पाह्यत राह्यतो. यायच्यात तं नसन अब्बूचं?" मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वाटीतला शिरा संपवला. गोड लागला होता मला, हेही सांगून टाकते.

त्यानंतर चार दिवसांनी तिमाहीची मोजणी झाली. अकोल्याच्या वानखडे टेक्निशियनचा फोन आला. "म्याडम, एक पिशवी जास्त भरून राहिली. नंबर टाकला तं सापडत नाही म्हणते."

"कोणता ग्रुप?"

"ए निगेटिव्ह. मुदत गेली हिची, दोन हप्ते झाले. मुदत संपत आलेल्याईच्या यादीत कावून नाही आली हे?"

मी नंबर विचारलाच नाही. मला कळलं होतं. लायब्ररीत तेही आयतं आहे, एका क्वेरीपुरता फिल्टर बाजूला ठेवायची सोय, एकच शब्द. तो घालून मी क्वेरी चालवली. एक ओळ आली. शेख रफीक, अकोला, बंद, मृत. आणि त्याच ओळीत पुढं, पिशवीची स्थिती, उपलब्ध. उपलब्ध, भाई! मी खुर्चीवरून उठले आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. चहावाला विचारून गेला, दोन का एक.

दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. फिल्टर काढून टाकला आणि दात्यांच्या याद्यांत तुमच्या हातच्या अटी जुन्या प्रतीतून परत आणल्या, डोळ्याला दिसतील अशा. मेलेल्या दात्याची जिवंत पिशवी, अशी एक टेस्टही घातली. बैल गेला अन् झोपा केला.

मग राहिलं भाभींना सांगणं. चार दिवस मी मनाशी घोळवत होते. न सांगितलं तर काय बिघडतं? बाईला आधार आहे, पोरीला आधार आहे. पण दर वेळी तुमचा आवाज यायचा, चुकलं तरी खोडू नको, बाजूले लिही. आज सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेले. तुमच्याच रोजच्या रस्त्यानं, उलट्या दिशेला, खिडकीशी बसून.

भाभींनी चहा ठेवला. मी कप हातात घेण्याआधीच सगळं सांगितलं, एका दमात, माझ्या चुकीसकट. अमरावतीच्या त्या दोन मागण्या तेवढ्या सांगितल्या नाहीत. त्या ओढणीच्या टोकाला पीळ घालत ऐकत होत्या.

"फेकलं का ते?"

"नाही भाभी. आहे अजून. उद्या सकाळी जाते."

"कुठी?"

मला पटकन दुसरा शब्द सुचला असता तर बरं झालं असतं. "जाळायला. नियम आहे तसा. पिवळ्या पिशवीत घालून गाडी घेऊन जाते."

"त्यायले जाळतीन?"

मी म्हटलं, भाभी, त्यांना नाही, रक्त आहे ते. त्या म्हणाल्या, "मले देतीन का ते? मातीत ठेवीन. त्यायच्या बाजूले."

मी तिथूनच, त्यांच्यासमोर, वानखडेंना फोन लावला. वानखडे चांगला माणूस. रडवेल्या आवाजात म्हणाला, "म्याडम, मी काय करू? नाही देता येत. भाईनंच आमाले नियम वाचून दाखोला होता." फोनचा आवाज मोठा होता, भाभींना सगळं ऐकू गेलं.

त्या उठल्या. माझ्यासमोरचा चहा गार झाला होता, तो उचलून आत नेला. आतूनच, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मंग कावून सांगतलं व बाई मले?"

याचं उत्तर मी तुम्हालाच विचारते, रफीकभाई. तुमच्याकडे असेल तर सांगा. तुम्ही सांगितलं असतं का? का तुम्ही म्हणाला असता, कोड खरं ठेव, माणसाले जगू दे? हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. आपण सोळा वर्षं नुसत्या क्वेरींवरून भांडलो. निदा शाळेत होती. तिला कोण सांगणार आणि काय सांगणार, मला माहीत नाही. दारापर्यंत मला सोडायला कोणी आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुपारी परत आले आणि ऑफिसात तुमच्या खुर्चीवर बसले. माझ्या नाही, तुमच्या. पिशवी टाकून दिल्याची नोंद कोणाला तरी करावीच लागते आणि ती मी वानखडेंना करू दिली नाही. तुम्हीच बनवलेला फॉर्म. कारण निवडा. मुदत संपली. पिशवी फुटली. तपासणीत दोष. इतर. 'इतर' निवडलं की खाली चौकोन उघडतो आणि त्यात लिहिल्याशिवाय बटण दाबता येत नाही. यावरूनही मी भांडले होते, कशाला लोकांना त्रास. तुम्ही म्हणाला होतात, "निवडतानी माणूस खोटं बोलते व. लिव्हाले लावलं का लाजते."

'मुदत संपली' निवडलं असतं तर काही खोटं झालं नसतं. सेकंदात काम झालं असतं आणि कोणी कधी विचारलंही नसतं. मी 'इतर' निवडलं. चौकोन उघडला. मग लिहिलं:

'पिशवी चांगली होती. दाता वारल्यावर मी ती यादीतून झाकली. दात्यानं मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.'